चिखलदऱ्यातला वाचन-मुक्काम : जाड पुस्तकवाल्यांनी जावं, टेस्ट सिरीजवाल्यांनी नागपुरातच बसावं

नागपुरात बसून अभ्यास करायला जागा कमी नाहीत. सीताबर्डीपासून नंदनवनपर्यंत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. महिन्याच्या फीमध्ये खुर्ची, लॉकर, कुलर आणि वायफाय मिळतं. तिथे प्रश्नसंच उत्तम सुटतात. पण सहाशे पानांचं एकच पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं असेल, तर ती जागा उपयोगाची नाही. तासातासाला कोणीतरी चहाला उठवतं, आणि नाही उठवलं तर मोबाईल उठवतो. म्हणून दहा-बारा विद्यार्थ्यांनी मिळून चिखलदऱ्याला जुन्या घडणीचा एखादा बंगला पाच रात्रींसाठी घ्यायचा आणि तिथे फक्त वाचायचं, हा प्रकार आम्हाला पटला आहे. अशाच एका दगडी, कौलारू बंगल्याचं हे परीक्षण. नाव मुद्दाम देत नाही. पठारावर या धाटणीची आणखी घरं आहेत आणि पुढचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडतं.

ही पद्धत जुनी आहे. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजचे फ्रान्सिस अर्कर्ट १८९१ पासून आपल्या मंडळींना वाचायला घेऊन फ्रान्समधल्या सेंट जर्वे गावाच्या वर, माँ ब्लाँच्या कुशीतल्या घरात जात. १९०६ साली ते घर जळालं, पुन्हा बांधलं गेलं, आणि आजही तीन कॉलेजांचे विद्यार्थी उन्हाळ्यात तिथे जातात. घरात वीज नाही. सकाळी वाचन, दुपारी डोंगर, रात्री जेवणानंतर चर्चा, एवढाच कार्यक्रम. आपण त्यातलं वेळापत्रक तेवढं घ्यायचं. त्यांचा हंगाम आपल्याला चालत नाही.

हंगामाचं आधी सांगतो, कारण निम्म्या सहली इथेच फसतात. चिखलदरा सुमारे अकराशे मीटरवर आहे आणि विदर्भातल्या लोकांना तो आठवतो पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये वाचायला तिथे अजिबात जाऊ नये. धुकं खोलीत शिरतं, पानं फुगतात, जाड बांधणीच्या पुस्तकांचे पुठ्ठे वाकतात, वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलाच असतो आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते ती वेगळीच. एप्रिल-मेमध्ये नागपूर पंचेचाळीसला पोचलेलं असताना वर बरंच सुखाचं असतं, हे खरं. पण तेव्हा पाण्याची ओढाताण असते आणि बारा माणसांचं घर टँकरच्या वेळेवर चालवावं लागतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, थंडी कडक. मुक्काम रविवार दुपार ते शुक्रवार सकाळ असा ठेवावा. रविवारी संध्याकाळी पर्यटक उतरतात तेव्हा आपण चढलेले असतो, आणि शुक्रवारी ते चढायच्या आत आपण खाली.

नागपूर ते चिखलदरा साधारण २३० किलोमीटर. अमरावतीपर्यंत सुमारे १५५, तिथून परतवाडा पन्नासेक, आणि वर शेवटचे तीसेक किलोमीटर घाटाचे. बारा जण असाल तर टेम्पो ट्रॅव्हलर सोयीची; सकाळी सहाला निघालं की जेवायच्या वेळेला वर. पैसे वाचवायचे असतील तर गणेशपेठच्या बसस्थानकावरून एसटीने परतवाडा आणि पुढे दुसरी एसटी किंवा काळी-पिवळी. मुलींना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे मुली जास्त असलेल्या गटाला हा मार्ग खूपच स्वस्त पडतो. अडचण सामानाची होते. पुस्तकांच्या दोन पेट्या आणि पाच दिवसांचा शिधा घेऊन गाडी बदलणं म्हणजे हाल. परतवाड्याहून वर जायला धामणगाव गढीवरून एक रस्ता आहे आणि घटांगवरून दुसरा. कोणता घ्यायचा ते परतवाड्यातच विचारून ठरवावं. वळणांचा त्रास होणाऱ्यांनी घाट लागायच्या अर्धा तास आधी गोळी घ्यावी. घाट सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. अंधार पडल्यावर घाट चढू नये, धुकं असेल तर मुळीच नाही.

आता घर. भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, छत उंच, तिन्ही बाजूंनी व्हरांडा, दोन मोठ्या खोल्या आणि मधे लांबट हॉल. दोन न्हाणीघरं, दोन संडास. बारा माणसांना हे पुरतं, चौदांना नाही. रस्त्यापासून आत असल्यामुळे गाड्यांचा आवाज येत नाही आणि टीव्ही नाही. या दोन गोष्टींसाठीच आम्ही या घराला चांगले गुण देतो. बाकी जे आहे, ते वाचणाऱ्याचा विचार न करता मांडलेलं आहे.

पहिली तक्रार उजेडाची. हॉलमध्ये छताला नऊ वॉटचा एकेक एलईडी दिवा, तोही जमिनीपासून बारा फुटांवर. असा दिवा साधारण नऊशे ल्यूमेन देतो, पण तेवढ्या उंचीवरून टेबलावर येईपर्यंत उजेड इतका पसरतो की पानावर पन्नास लक्सही पडत नाहीत. निवांत वाचायला तीनशे ते पाचशे लागतात. दिवे वाढवून उपयोग नाही, दिवा खाली आणावा लागतो. म्हणून प्रत्येकाने चार्जिंगचा टेबल लॅम्प न्यायचाच. पानापासून दीड फुटावर ठेवला की साधा लॅम्पही पुरतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा, नाहीतर टिपणं काढताना हाताची सावली ओळीवर पडते. रात्री पिवळसर उजेड बरा. पांढराफट्ट लावून दहापर्यंत वाचलं की झोप लांबते. भिंतीत प्लग पॉइंट मोजके, म्हणून पाच मीटरचे दोन एक्स्टेन्शन बोर्ड लागतात. सगळे लॅम्प दुपारी फिरायला जाताना चार्जिंगला लावून जावेत. रात्री वीज गेली तरी मग कोणाचं अडत नाही.

दुसरी तक्रार बसण्याची. प्लास्टिकच्या खुर्च्या आणि जेवणाची दोन टेबलं. पहिले दोन दिवस कोणी कुरकुरत नाही, तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या कमरा बोलतात. खुर्चीवर सतरंजीची चौपदरी घडी टाकली की बरंच भागतं. मान वाचवायची असेल तर पोथी ठेवायचं घडीचं लाकडी व्यासपीठ न्यावं. टेबलावर ते उघडून जाड पुस्तक ठेवलं की पुस्तक डोळ्यांच्या जवळ येतं आणि दोन्ही हात मोकळे राहतात. महागड्या बुकस्टँडपेक्षा हे कितीतरी दणकट. जेवणाचं टेबल वाचायला वापरू नये. पुस्तकं उचला, पुसा, ताटं मांडा, पुन्हा पुसा, यात रोज दोन वेळा अर्धा-अर्धा तास जातो. घरमालकाकडे आधीच मागणी केली तर घडीची टेबलं मिळतात. गेल्यावर मागितली तर मिळत नाहीत.

व्हरांडा ही घरातली सगळ्यात चांगली जागा. पूर्वेकडच्या बाजूला साडेआठपासून ऊन येतं आणि थंडीत ते हवंहवंसं असतं. मात्र दरीकडे तोंड करून बसू नये. ऊन डोळ्यांत जातं आणि पांढरं पान चमकतं. शिवाय दरी बहुतेक पुस्तकांपेक्षा चांगली असते. खुर्ची आडवी लावावी. सुट्या कागदांना क्लिपा लावाव्यात, दुपारनंतर वारा सुटतो. खाण्याची वस्तू बाहेर ठेवून उठू नये. वानरं बिस्किटांचा पुडा उचलतात आणि सोबत टिपणाची वहीही नेतात.

पाणी गरम करायला इथे तांब्याचा बंब आहे. आजच्या मुलांना तो माहीत नसतो, म्हणून जरा सविस्तर. आधी बंब पाण्याने काठोकाठ भरायचा, मग मधल्या नळकांड्यात छिलपे टाकून पेटवायचं. कोरडा पेटवला तर डाग दिलेले सांधे सुटतात आणि बंब कायमचा गळका होतो. घर सांभाळणारे काका पहिल्याच संध्याकाळी बजावतात, "पोट्टेहो, बंब कोरडा नका पेटवू जी, बूड जाते त्याचं." पाणी तापलं की वरच्या तोंडातून जेवढं गार पाणी ओताल तेवढंच गरम पाणी तोटीतून बाहेर येतं. म्हणजे बादली काढणाऱ्याने एक बादली आत ओतलीच पाहिजे. हा नियम मोडणारा एक जण निघतोच, आणि त्याच्या नंतरचे तिघे गार पाण्याने आंघोळ करतात. पहिली आच धरायला अर्धा तास लागतो. म्हणून सहाला पेटवून सहा जणांनी सकाळी आणि सहा जणांनी दुपारी फिरून आल्यावर आंघोळ करायची. सगळ्यांनी सकाळचा हट्ट धरला की वाचन दहापर्यंत सुरू होत नाही.

छतावरची टाकी हजार लिटरची आहे. बादलीने आंघोळ, संडास, भांडी मिळून माणशी चाळीस-पंचेचाळीस लिटर धरले तर दिवसाचे पाच-साडेपाचशे होतात आणि टाकी पुरते. कोणी शॉवर सोडला की हिशेब कोलमडतो. पिण्याचं पाणी उकळून ठेवायला दोन मोठी पातेली मागून घ्यावीत.

थंडीला कमी लेखू नका. जानेवारीत पहाटेचं तापमान एक आकडी होतं आणि जाड दगडी भिंती दुपारीही गार राहतात. घरातून माणशी एकच ब्लँकेट मिळतं. दुसरं आपलं न्यावं. शिवाय शाल, कानटोपी आणि दोन जोड लोकरी मोजे. पाय गार पडले की वाचनात मन लागत नाही. हॉलमधली शेकोटीची जागा शोभेची आहे, धूर खोलीतच परत येतो. त्यावर उपाय म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊन दारं-खिडक्या लावून झोपायचा विचारही करू नये. त्या कोळशाच्या वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. शेगडी व्हरांड्यातच.

जेवण हा या मुक्कामाचा कणा आहे, आणि इथे घराला पूर्ण गुण. स्वयंपाकाच्या काकूंच्या हाताला चव आहे. फक्त त्यांना पाहुण्यांना भरभरून वाढायची सवय आहे, आणि दुपारी भरभरून जेवलेला गट तीन वाजता घोरत असतो. म्हणून पहिल्याच दिवशी सांगून टाकावं : दुपारी ज्वारीची भाकरी, झुणका किंवा एखादी पालेभाजी, ठेचा, ताक. भात रात्री. त्या दिवसांत तुरीच्या शेंगा असतात, तेव्हा सोल्यांची आमटी आणि सोलेभात मागून घ्यावा. भरताची वांगी परतवाड्याच्या बाजारात चांगली मिळतात. पाटवडी रस्सा किंवा सावजी फक्त शेवटच्या रात्री. आधी केलं तर दुसऱ्या दिवशीची सकाळ गेली.

बारा जणांसाठी शिध्याचं मोजमाप असं. भात एका वेळेला सव्वा किलो तांदळाचा, वरण सातशे ग्रॅम तूरडाळीचं, भाकरीला दीड ते पावणेदोन किलो पीठ, पोह्यांच्या नाश्त्याला आठशे ग्रॅम पोहे. दिवसाला चार वेळा चहा धरला तर रोजचे अठ्ठेचाळीस कप : सव्वाशे ग्रॅम चहापत्ती, अर्धा किलो साखर, पाच लिटर दूध. दूध आणि दही गावातच मिळतं, नेऊ नये. ज्वारी निघायच्या आदल्या दिवशी दळून घ्यावी. महिनाभर पडून राहिलेल्या पिठाची विरी जाते, भाकरी थापतानाच तडकते आणि काकूंचा मूड जातो. गॅसचं दुसरं सिलेंडर भरलेलं आहे ना, हे पोचल्या पोचल्या हलवून पाहावं. "आहे" या शब्दावर राहू नये. सकाळी अकराचा आणि दुपारचा चहा थर्मासमध्ये भरून हॉलच्या दाराशी ठेवला की कोणी स्वयंपाकघरात जात नाही. स्वयंपाकघर हे गप्पांचं घर आहे, एकदा आत गेलेला माणूस वीस मिनिटं परतत नाही.

वेळापत्रक आम्ही सुचवतो ते असं. साडेसहाला चहा, आठला नाश्ता, साडेआठ ते अकरा वाचन, सव्वाअकरा ते एक पुन्हा वाचन. एकला जेवण, दोन ते सव्वाचार फिरणं, चहा, पावणेपाच ते सात वाचन. साडेसातला जेवण, साडेआठ ते साडेनऊ चर्चा, दहाला दिवे बंद. कागदावर हे साडेसहा तास होतात, हातात सहा पडतात. कठीण वैचारिक मराठी तासाला वीस-पंचवीस पानं होतं, म्हणजे दिवसाला सव्वाशे ते दीडशे, आणि चार पूर्ण दिवसांत पाचशे-सहाशे. म्हणून प्रत्येकाने एकच मुख्य पुस्तक आणावं, आणि विरंगुळ्याला एक हलकं. पाच पुस्तकं आणणारा पाचही चाळून परत नेतो.

दुपारचं फिरणं गाळू नये. ते गाळलं की संध्याकाळची बैठक मेलेली असते. भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल अशा जागा आळीपाळीने घ्याव्यात. गाविलगडाला मात्र एक पूर्ण दुपार द्यावी, दोन तासांत तो किल्ला बघून होत नाही. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी ते प्रकरण वाचून मग तटावर उभं राहावं. हिवाळ्यात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. हा मेळघाटचा मुलूख आहे, अस्वल आणि बिबट्या दोन्ही आहेत, त्यामुळे अंधाराआधी घरात. बाजारात रबडी खावी, पण परतताना. जाताना खाल्ली तर चालणं संपलं.

मोबाईलचं काय करायचं हे निघण्याआधी ठरलं पाहिजे. घरात नेटवर्क व्हरांड्याच्या एका कोपऱ्यातच येतं, आणि नियम नसेल तर दुसऱ्या दिवसापासून अख्खा गट त्या कोपऱ्यात उभा दिसतो. कुलूप लागणारी एक पेटी न्यावी. जेवणानंतर अर्धा तास आणि रात्री आठ ते साडेआठ ती उघडायची. एक फोन कायम बाहेर, चार्ज केलेला, मोठ्या माणसाकडे. तोच नंबर सगळ्यांच्या घरी दिलेला. गटात अशी दोन मोठी माणसं हवीत, आणि त्यांनीही वाचलं पाहिजे. पहारा देणारे सर असले की शाळा होते. चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे आणि त्याहून मोठं काही लागलं तर खाली अचलपूरला उतरावं लागतं, म्हणून ताप, जुलाब आणि उलटीची औषधं सोबत हवीत.

रात्रीच्या चर्चेला एकच नियम : रोज दोघांनी दहा-दहा मिनिटं आपण काय वाचलं ते पुस्तक न उघडता सांगायचं, मग प्रश्न. अर्धवट वाचलेलं दहा मिनिटं टिकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो माणूस आपोआप नीट वाचतो.

स्पर्धा परीक्षेवाल्यांनी मात्र इथे येऊ नये, हे आमचं ठाम मत. ज्यांचा अभ्यास व्हिडिओ लेक्चरवर आणि रोजच्या ऑनलाइन टेस्टवर चालतो त्यांना हे घर तुरुंग वाटेल, आणि त्यांची चिडचिड बाकीच्यांना भोगावी लागेल. एमए, कायदा, इतिहास, साहित्य, संशोधन करणारे, किंवा नुसतेच वाचनाचे वेडे, यांच्यासाठी नागपूरपासून एका दिवसाच्या अंतरावर याहून चांगलं काही आम्हाला दिसत नाही. पाचपैकी साडेतीन. उजेड आणि खुर्च्या सुधारल्या तर साडेचार.

बुकिंग करताना फोनवर बोलून झालं की तेच सगळं मेसेजवर लिहून मागवावं : संपूर्ण घर मिळणार की शेजारची खोली दुसऱ्यांना देणार, टेबलं किती, ब्लँकेटं किती, काकूंचे पैसे भाड्यात धरलेत की वेगळे, आणि लाकडं कशी मोजणार. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण निघताना वाद होतो तो त्यावरच. बंबाला रोज लागणारी लाकडं इथे अंदाजाने लावली जातात आणि अनामतीतून कापली जातात. पहिल्या दिवशी व्हरांड्याच्या टोकाला रचलेल्या ढिगाचा एक फोटो काढून ठेवावा, आणि मोबाईलची पेटी बंद करायच्या आधी तो काकांना दाखवावा.